जुन्या शिडाच्या नौकेला रंग शेवटी, आधी पाण्याची वाट शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या शिडाच्या नौकांच्या देखभालीवर लेख आला. या विषयाला मराठीत क्वचितच जागा मिळते, म्हणून आनंद झाला आणि म्हणूनच त्यातल्या काही गोष्टींबद्दल लिहिणे भाग आहे. लेखात हंगाम संपल्यावरची कामे तळ घासण्यापासून सुरू होतात आणि रंगापाशी संपतात. डेकमधून पाणी गळत असेल तर ‘सगळीकडे सिलिकॉन मारावे’ एवढाच उपाय दिला आहे. तळाचा जुना रंग मशीनने कोरडाच घासावा, असेही म्हटले आहे. हा शेवटचा सल्ला माणसाला घातक आहे, त्याआधीचा नौकेला, आणि पहिल्यामुळे मोलाचे महिने चुकीच्या क्रमाने खर्च होतात. फायबरग्लासची, पंचवीस-चाळीस वर्षे वापरलेली, दहा मीटरच्या आसपासची नौका डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे.

आधी धुळीबद्दल. तळाला लावतात तो अँटीफाउलिंग रंग शेवाळ आणि बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचधारी जीव) मारण्यासाठीच बनवलेला असतो. त्यात तांब्याची संयुगे असतात. ट्रायब्युटिल टिन या जहाल द्रव्यावर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या करारानुसार २००८ पासून बंदी आहे, पण जुन्या नौकेच्या तळाशी रंगाचे दहा-पंधरा थर साठलेले असतात आणि खालच्या थरात ते अजूनही असू शकते. कोरडे घासले की हे सगळे बारीक भुकटी होऊन छातीत जाते, शेजारच्या नौकेवर बसते, पावसाबरोबर पाण्यात उतरते. त्यामुळे ८० ते १२० नंबरचा वॉटर पेपर घेऊन, सतत पाणी मारत, ओलेच घासावे. थर जाड असतील तर धारदार, कोपरे गोल केलेल्या पातीने खरवडावेत. खाली प्लास्टिकचा कागद अंथरावा, पडलेला गाळ गोळा करून घातक कचरा म्हणूनच द्यावा. तोंडाला कापडी रुमाल चालत नाही, पी-१०० किंवा पी-३ दर्जाचा फिल्टर असलेला मास्क हवा. साधा पेंट रिमूव्हर तर तळाला लावूच नये, तो रंगाबरोबर जेलकोटही, म्हणजे फायबरग्लासवरचा गुळगुळीत बाहेरचा थरही, मऊ करतो. फायबरग्लाससाठी वेगळा मिळतो, तोच घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. जुनी नौका खराब होते ती बहुतेक वेळा पाणी नको तिथे शिरल्यामुळे. डेकमधले लाकूड कुजणे, चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा धरून ठेवणारी धातूची पट्टी) तडकणे, सुकाणू फुगणे, किलचे (तळाखालच्या जड कण्याचे) बोल्ट गंजणे ही एकाच कारणाची चार रूपे आहेत. त्यामुळे कामाची यादी करताना ‘काय वाईट दिसते’ हे विचारू नये. ‘पाणी कुठून शिरते आणि तिथे काय मोडले तर काय होईल’ हे विचारावे. डोलकाठी पडणे आणि नौका बुडणे या दोन गोष्टींशी संबंध असलेली कामे आधी, बाकीची नंतर.

यासाठी सर्वांत उपयोगाची वेळ म्हणजे नौका पाण्याबाहेर काढली त्या दिवसाचे पहिले काही तास. तळ धुऊन झाला की तो सुकू लागतो. सगळीकडे सुकल्यावरही जिथे ओल राहते, तिथे खडूने खूण करावी. किल आणि तळाच्या सांध्याच्या पुढच्या टोकाला ओली रेघ दिसली, तर सांधा उघडला आहे. आत बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या आतल्या सर्वांत खालच्या पोकळीत, किलच्या नटांभोवती तपकिरी ओघळ असतील, तर बाहेर रंग मारून भागणार नाही, निदान एक बोल्ट काढून पाहायलाच हवा. सुकाणूच्या खालच्या कडेतून थेंब येत असतील, तर तिथे ६ मिलिमीटरचे भोक पाडून पाणी निघू द्यावे. निघणारे पाणी स्वच्छ असेल तर फक्त आतला फोम भिजला आहे. तांबूस असेल तर सुकाणूच्या दांड्याला आत वेल्ड केलेल्या पट्ट्या गंजत आहेत, आणि त्या तुटल्या की चाक फिरते, दांडा फिरतो, सुकाणू फिरत नाही. तळावरचे फोडही याच वेळी मोजावेत. आठवडाभरात ते सुकून बसतात आणि मग दिसतच नाहीत.

डेककडे सर्वांत जास्त वेळ द्यावा. फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा (एक अतिशय हलके लाकूड) किंवा प्लायवूड भरून डेक केलेला असतो. दोन थर एकमेकांपासून दूर धरले जातात म्हणून तो कडक राहतो. मधले लाकूड कुजले की वरचा थर एकटा पडतो आणि पायाखाली दबू लागतो. पाणी शिरते ते स्टॅन्शन (कठड्याचे खांब), क्लीट (दोरी बांधायची खुंटी), चेनप्लेट, विंच (दोरी ओढायचे चक्र) यांच्या बोल्टांच्या भोकांतून, कारण नौका बांधताना ही भोके बहुतेक वेळा लाकडातून सरळ आरपार पाडलेली असतात. लाकूड आणि पाणी यांच्यात फक्त सीलंटचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या लवचीक द्रव्याचा, एक पातळ थर, आणि तो दहा-पंधरा वर्षांत मरतो. बाल्सा आडवे कापून, तंतू उभे ठेवून बसवलेले असते, म्हणून त्यात ओल बाजूला हळू पसरते. प्लायवूडमध्ये ती तंतूंबरोबर लांबवर पळते, आणि गळती एका टोकाला तर कुज दुसऱ्या टोकाला सापडते.

तपासायला प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी पुरे. डेकवर पाच-पाच सेंटिमीटरवर टिचक्या मारत जावे. निरोगी भाग टणक वाजतो, कुजलेला किंवा सुटलेला भाग बोदा वाजतो. आवाज बदलतो तिथे मास्किंग टेप लावत गेले की दुखण्याचा नकाशा तयार होतो. ओल मोजण्याचे मीटर मिळते, पण आतून धातूची पट्टी असेल तिथे ते खोटे आकडे देते. शंका असेल तिथे केबिनच्या बाजूने, म्हणजे खालून, ३ मिलिमीटरचे ड्रिल फक्त लाकडापर्यंत चालवावे आणि बिटावर आलेला भुसा बोटांत चोळून पाहावा. फिकट, कोरडा, भुरभुरीत असेल तर लाकूड ठीक आहे. काळपट असेल, बोटांना चिकटत असेल, आंबूस वास येत असेल, तर तो भाग उघडावा लागेल.

अशा ठिकाणी वरून बारीक भोके पाडून इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारे द्रव्य) टोचण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. ओल्या लाकडात इपॉक्सी मुरत नाही, ते भोकाभोवती गोळा होऊन बसते. डेक चार दिवस कडक वाटतो, कुज मात्र आत चालूच राहते. योग्य काम कष्टाचे आहे. कटिंग डिस्कची खोली वरच्या थराच्या जाडीएवढी, साधारण ३-४ मिलिमीटर, बांधून घ्यावी आणि बोद्या भागाच्या बाहेर पाच सेंटिमीटर जाऊन तो थर चौकोनात कापावा. पत्रा निघावा तसा तो अखंड काढून जपून ठेवावा, तोच परत बसवायचा आहे. कुजलेले लाकूड चांगले लाकूड लागेपर्यंत पटाशीने खरवडावे. मग छप्पर धरून, खालचा थर आणि लाकडाच्या कडा पूर्ण सुकू द्याव्यात. याला आठवडे लागतात, आणि म्हणूनच हे काम हंगाम संपताच सुरू करायचे.

नवे लाकूड किंवा फोम बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभागांना पातळ इपॉक्सी ब्रशने पाजावे, आणि ते चिकट असतानाच सिलिका पावडर मिसळून घट्ट केलेले, उभ्या पृष्ठभागावरून ओघळणार नाही असे इपॉक्सी पसरावे. काढलेला वरचा थर परत ठेवताना त्यात दर १५ सेंटिमीटरवर ५ मिलिमीटरची भोके पाडावीत. दाब दिल्यावर प्रत्येक भोकातून इपॉक्सी वर आले तर खाली पोकळी नाही, हे कळते. कापलेल्या फटीच्या दोन्ही बाजूंना बारास एक असा उतार घासून काढावा, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीला ३६ मिलिमीटर, आणि त्यावर काचेच्या कापडाच्या पट्ट्या रुंदी वाढवत चढवाव्यात. उतार कमी ठेवला तर त्याच रेघेवर पुढे तडा जातो. इपॉक्सी वाळल्यावर वर मेणचट पापुद्रा येतो. तो आधी पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवावा, मगच घासावे, नाही तर पुढचा थर धरत नाही. तापमान १० अंशांच्या खाली असेल तर साधा हार्डनर, म्हणजे इपॉक्सी कडक करणारा दुसरा भाग, नीट काम करत नाही. लवकर वाळावे म्हणून हार्डनरचे प्रमाण वाढवणे ही फार नेहमीची चूक आहे. प्रमाण रासायनिक असते, बदलले की कधीच पूर्ण कडक न होणारा चिकट थर हाती राहतो.

सिलिकॉनचा मुद्दा इथेच येतो. सिलिकॉनचा तेलकट अंश फायबरग्लासच्या रंध्रांत राहतो. नंतर तिथे ना रंग धरतो, ना दुसरे सीलंट. शिवाय बाहेरून कडेला फासलेले सीलंट, मग ते कोणतेही असो, गळती थांबवत नाही. उलट आत शिरलेले पाणी कोंडते. डेकवरची वस्तू काढूनच बसवावी लागते. ६ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर वरचा थर आणि लाकूड १२ मिलिमीटरपर्यंत मोठे करावे, खालचा थर तसाच ठेवून त्याला खालून टेप लावावी, खड्डा आधी पातळ आणि मग घट्ट इपॉक्सीने भरावा. कडक झाल्यावर त्याच्या मधोमध पुन्हा ६ मिलिमीटरचे भोक पाडावे. आता बोल्टभोवती लाकूडच नाही. पुढे कधी सीलंट मेले तर केबिनमध्ये थेंब पडेल, पण डेक कुजणार नाही. भोकाच्या तोंडाला वरून थोडा उतार काढावा म्हणजे सीलंटला बसायला जागा होते. डेकवरच्या बहुतेक वस्तूंना ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, उत्तम. बोल्टच्या मानेभोवती तिचा वळसा द्यावा, खाली किमान ५ मिलिमीटर जाडीची आधारपट्टी ठेवावी आणि वर बोल्टचे डोके स्थिर धरून खालचा नट फिरवावा. बोल्ट फिरला की टेप पिळवटून सुटते. एका दमात आवळू नये. एक-दोन दिवसांच्या अंतराने तीनदा थोडे थोडे आवळावे, टेप कडेने बाहेर येईल ती कापून टाकावी.

पॉलियुरेथेन सीलंटची पकड इतकी जबर असते की वस्तू काढताना जेलकोट सोबत येतो, म्हणून ते पाणरेषेखालच्या आणि कायमच्या सांध्यांसाठीच राखावे. पॉलिसल्फाइड सागवान आणि धातूला चांगले, पण अॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या खिडक्यांना लावले तर त्या तडकतात.

डोलकाठीच्या तारा चेनप्लेटना बांधलेल्या असतात, आणि चेनप्लेट डेकमधून खाली जाते. स्टेनलेस स्टील टिकते ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर तयार होणाऱ्या अदृश्य थराच्या जिवावर. डेकच्या जाडीत, ओल्या लाकडात, हवा पोचत नाही अशा दीड-दोन सेंटिमीटरमध्ये तो थर तुटतो आणि भेगा पडत जातात. वरून चकचकीत, खालून चकचकीत, मध्ये अर्धी खाल्लेली, अशी चेनप्लेट सापडते. म्हणून जागेवर पाहून समाधान मानू नये. बाहेर काढावी, घासून स्वच्छ करावी आणि डाय पेनिट्रंटने तपासावी. लाल द्रव लावायचा, दहा-वीस मिनिटे थांबायचे, फडक्याने पूर्ण पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. ती बहुधा बोल्टच्या भोकाच्या कडेला किंवा डेकच्या रेषेत असते. रेघ दिसलेली चेनप्लेट घासून, पॉलिश करून परत लावायची नसते, बदलायची असते.

तारांच्या बाबतीत खालची टोके आधी पाहावीत. तारेच्या टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या नळीचे, म्हणजे टर्मिनलचे, तोंड वर असते, त्यात पाणी साठते. कापसाचा बोळा तारेवरून फिरवावा, तुटलेला तंतू कापूस धरतो. एकोणीसपैकी एक तंतू तुटला तरी ती तार आणि समोरच्या बाजूची तिची जोडीदार, दोन्ही बदलाव्यात, कारण दोघींनी सारखेच सोसलेले असते. टर्मिनलच्या नळीवर उभी भेग आहे का, हे दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने पाहावे. डोळ्यांना काही दिसले नाही तरी दहा ते पंधरा वर्षांनी तारा बदलण्याचा प्रघात योग्यच आहे, कारण धातूचा थकवा शेवटपर्यंत दिसत नाही. टर्नबकल (तारांचा ताण कमी-जास्त करणारे आट्यांचे जोड) सैल करण्याआधी त्यांच्या आट्यांवर टेपने खूण करावी, म्हणजे डोलकाठी परत उभी करताना ताण जुन्या जागी येतो. अॅल्युमिनियमच्या काठीत स्टेनलेस स्क्रू बसवताना मध्ये विद्युतरोधक पेस्ट लावावी, नाही तर अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन निघून जाते. हॅलिअर्ड (शीड वर चढवायची दोरी) धुवायला काढताना त्याच्या जागी बारीक दोरी ओढून ठेवावी. शिडे गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, घडी घालून आत ठेवावीत. शिवणीवर नख ओढून पाहावे, दोरा तुटत असेल तर उन्हाने तो मेला आहे, कापड चांगले असले तरी.

तळातून आरपार जाणारी प्रत्येक नळी हे नौकेला मुद्दाम पाडलेले भोक आहे. तिथले सीकॉक (पाणी बंद करणारे व्हॉल्व्ह) पितळेचे असतील तर पितळातले जस्त समुद्राच्या पाण्यात आधी निघून जाते आणि मागे गुलाबी, ठिसूळ तांबे उरते. कानसीने हलके खरवडावे. सोनेरी-पिवळे दिसले तर ठीक, गुलाबी दिसले तर बदलावे, आणि नवे घेताना ब्राँझ किंवा जस्त न सोडणाऱ्या खास पितळेचे घ्यावे. शंकूच्या आकाराचे जुने सीकॉक खोलून, घासाईची पेस्ट लावून, एकमेकांत फिरवून बसवावेत आणि ग्रीस भरावे. रबरी नळ्यांचे क्लिप चुंबकाने तपासावेत. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा, असे पुष्कळदा निघते. चुंबक स्क्रूला जोरात चिकटला तर तो आधी गंजणार. पाणरेषेखालच्या नळीवर, नळकांड्याची लांबी पुरत असेल तर, दोन क्लिप असावेत. प्रत्येक सीकॉकशेजारी मऊ लाकडाची, त्याच मापाची शंकूसारखी खुंटी दोरीने बांधलेली असू द्यावी.

इंजिनाबद्दल थोडक्यात. डिझेल इंजिनाचे तेल हंगाम संपताना बदलायचे, सुरू होताना नाही. जुन्या तेलातली आम्ले आणि ओल बेअरिंगांना महिनोन् महिने खात राहतात. वीस मिनिटे चालवून गरम तेल उपसावे, फिल्टर बदलावा आणि नवे तेल सगळीकडे पोचावे म्हणून पुन्हा पाच मिनिटे चालवावे. समुद्राच्या पाण्याचा मार्ग गोड्या पाण्याने धुताना इंजिनाला ते बादलीतून स्वतः ओढू द्यावे. इंजिन बंद असताना नळाच्या दाबाने पाणी आत सोडले तर सायलेन्सर भरून ते सिलिंडरपर्यंत चढते. पाणी गोठते अशा ठिकाणी शेवटी प्रोपिलीन ग्लायकॉलचे मिश्रण चालवावे, एक्झॉस्टमधून रंगीत पाणी येईपर्यंत. इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातले रबरी पात्यांचे चाक, काढून ठेवावा, कारण आतच राहिला की त्याची पाती वाकलेल्या आकारातच बसतात. पात्याचा तुकडा गायब असेल तर तो हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो, सापडेपर्यंत शोधावा. जस्ताचे अॅनोड (बाकीच्या धातूंऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) अर्धे उरले की बदलावेत आणि त्यांना कधीही रंग लावू नये. टाकीच्या तळातून डिझेलचा नमुना काढून पाणी उपसावे. बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी. विश्रांतीनंतर १२.७ व्होल्ट हवेत, १२.४ च्या खाली जाऊ देऊ नये.

नौका टेकूंवर उभी असताना वजन किलवर येते, टेकू फक्त तोल सांभाळतात. समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना बांधलेले हवेत, आणि ताडपत्रीची दोरी टेकूला कधीही बांधू नये. वाऱ्यात ताडपत्री फुगते, टेकू ओढला जातो, नौका आडवी होते. ताडपत्री डेकला चिकटू न देता वर धरावी आणि दोन्ही टोके उघडी ठेवावीत. केबिनमधली कपाटे उघडी, गाद्या उभ्या.

मग येतो तळ. फोडांची भीती फार घातली जाते. फोड फोडल्यावर व्हिनेगरसारख्या वासाचा द्रव निघतो, कारण जेलकोटमधून पाणी झिरपून रेझिनमधल्या विरघळणाऱ्या द्रव्यांशी मिळते. मोजके फोड असतील तर ते उघडून गोड्या पाण्याने वारंवार धुवावेत, कित्येक आठवडे सुकू द्यावेत आणि इपॉक्सीने भरावेत. सगळा तळ सोलण्याची वेळ क्वचित येते. इपॉक्सीचे संरक्षक थर द्यायचेच असतील तर पाच-सहा थर मिळून सुमारे २५० मायक्रॉन जाडी लागते. ओल्या तळावर ते दिले तर ओल आतच कोंडली जाते.

रंग किती लागेल याचा ढोबळ हिशेब असा: रुंदी आणि पाण्याखालची खोली यांची बेरीज करून तिला पाणरेषेच्या लांबीने गुणावे, आणि मध्यम बांध्याच्या नौकेला त्याचे पाऊण. लांबी ८, रुंदी ३, खोली १.५ मीटर असेल तर ३६ चे पाऊण, २७ चौरस मीटर. लिटरला नऊ-दहा चौरस मीटर धरले तर दोन थरांना सहा लिटर. पाणरेषा, सुकाणूची आणि किलची पुढची कड इथे तिसरा थर द्यावा. तिथेच रंग आधी झिजतो. तांबे असलेला रंग अॅल्युमिनियमच्या भागांना लावू नये. डब्यावर दोन थरांमधले आणि नौका पाण्यात सोडण्याआधीचे किमान व कमाल तास छापलेले असतात, ते पाळावेत.

नौका पाण्यात उतरवताना क्रेनचे पट्टे लगेच सोडायला लावू नयेत. तरंगू लागली की आत जाऊन प्रत्येक सीकॉक, शाफ्टची ग्रंथी (पंख्याचा दांडा बाहेर जातो तिथले पाणी अडवणारे पॅकिंग) आणि सुकाणूची नळी हात लावून कोरडी आहे का पाहावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावी. ग्रंथीतून इंजिन चालू असताना मिनिटाला दोन-तीन थेंब यावेत, बंद असताना येऊ नयेत. शाफ्टची आणि इंजिनाची जोडणी एका रेषेत आणण्याचे काम जमिनीवर करू नये. नौकेचा आकार पाण्यात थोडा बदलतो, म्हणून ती काही दिवस तरंगल्यावर, डोलकाठीच्या तारा ताणल्यावर, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) कपलिंगची, म्हणजे या जोडणीची, फट चारही बाजूंनी मोजावी. १०० मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असू नये.

कोरडे घासण्याच्या सल्ल्याबद्दलची दुरुस्ती तरी पुढच्या पुरवणीत ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
नौकादुरुस्ती करणारा एक वाचक